ख्रिस्ताची वकिली

वचन : २ करिंथ ५:१८–२०



आज आपल्याकडे वकील म्हटले की काळा डगला घातलेला, सेलूच्या किंवा जिंतुराच्या कोर्टात आपली बाजू मांडणारा आणि तारखेगणिक फी घेणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे पौल प्रेषित आपण ख्रिस्ताच्या वतीने वकिली करतो असे लिहितो, तेव्हा पुष्कळ वाचकांची समजूत अशी होते की, प्रेषित ख्रिस्ताचा खटला लोकांपुढे चालवीत आहे. परंतु येथे अर्थ तसा नाही. पेशवाईत वकील म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या दरबारी पाठविलेला प्रतिनिधी. पुण्याचा वकील हैदराबादेस असे, हैदराबादचा पुण्यास असे; युद्ध टळावयाचे की पेटावयाचे, तह कोणत्या कलमांवर व्हावयाचा, हे पुष्कळदा ह्या वकिलांच्या जिभेवर अवलंबून राही. पौलाने योजलेला ग्रीक शब्दही ह्याच जातीचा आहे. रोमी बादशहाच्या वतीने परप्रांती जाणाऱ्या अधिकाऱ्याला ग्रीक लोक त्याच शब्दाने ओळखीत.

आणि हा शब्द पौलाने कोणत्या शहराला लिहिला? करिंथास. परक्या राज्याच्या वकिलांशी ह्या शहराचा एक जुना आणि भयंकर संबंध होता. तो ध्यानी आल्यावाचून प्रस्तुत वचनाचे वजन कळावयाचे नाही. म्हणून रोमी लोक युद्ध, तह व वकिली कशी चालवीत हे प्रथम पाहू. नंतर आपल्याच गोदातीरावर ती कशी चालली हे पाहू. आणि मग देवाच्या वकिलीकडे वळू.

रोमी लोकांना, निदान आरंभी, अन्यायाने युद्ध केले असे म्हणवून घेणे आवडत नसे. त्यांच्यात वीस याजकांचा एक वर्गच ह्या कामासाठी नेमलेला होता. शेजाऱ्याने आपली कुरापत काढली असे वाटले म्हणजे ह्या वर्गातील एक याजक सरहद्दीवर जाई, आपल्या देवांना साक्षी ठेवून मागणी मोठ्याने सांगे, वाटेत जो पहिला मनुष्य भेटेल त्याला सांगे, त्या गावच्या वेशीत सांगे, चावडीपुढे सांगे. मग ३३ दिवस वाट पाहावयाची. तितक्यात मागणी पुरी न झाल्यास तो पुन्हा सरहद्दीवर जाऊन शत्रूच्या भूमीत भाला फेकी, आणि युद्ध सुरू झाले असे समजले जाई. तह करावयाचा झाल्यास गारगोटीने डुकराचा वध करून, आम्ही हा तह मोडला तर आमचेही असेच होवो, असा शाप ते स्वतःवर घेत. ही रीत वाचून मनात आदर उत्पन्न होतो, हे मी नाकारीत नाही. बोलल्यावाचून भाला न फेकणे हे आपल्यातील पुष्कळांच्या रीतीपेक्षा बरे.

परंतु राज्य वाढले, शत्रू समुद्रापलीकडचे झाले, आणि सरहद्द दूर गेली. तेव्हा त्यांनी काय केले? पिऱ्हस राजाशी इ.स.पू. २८० च्या सुमारास युद्ध आले असता, त्याच्या सैन्यातील एका धरलेल्या शिपायाकडून रोम शहरातच जमिनीचा एक तुकडा विकत घेवविला, ती शत्रूची भूमी असे ठरविले, आणि घरच्या घरी तेथे भाला फेकला! पुढे त्या जागी एक खांब होता आणि भाला तेथे टाकीत. विधी उरला, पण आधी जाऊन बोलावे हा त्यातला जीव गेला. धर्माचे बाह्य रूप राखून आतला प्राण काढून टाकण्याची ही विद्या रोमी लोकांपाशीच होती असे मात्र कोणी समजू नये.

त्यांची वकिलीही हळूहळू तशीच झाली. इ.स.पू. १६८ मध्ये सूर्याचा राजा चौथा अंतियोख मिसर देश जिंकीत आलेक्सांद्रियाजवळ आला. तेथे पोपिलियस लेनास नावाचा रोमी वकील त्याला भेटला. त्याच्यामागे सैन्य नव्हते. हातात एक काठी होती. राजाने स्नेहाने हात पुढे केला. वकिलाने तो न धरता रोमी सभेचा हुकूम हाती दिला की, मिसरातून निघून जा. सल्लागारांना विचारून सांगतो, असे राजा म्हणाला. तेव्हा पोपिलियसाने काठीने राजाभोवती वाळूत एक वर्तुळ काढले आणि ह्याच्या बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उत्तर दे असे सांगितले. राजा मुकाट्याने परत फिरला. हा अंतियोख तरुणपणी ओलीस म्हणून रोमात राहिलेला होता. त्या काठीमागे काय आहे हे त्याला ठाऊक होते. दानीएलाच्या अकराव्या अध्यायातील कित्तीमाच्या गलबतांचा उल्लेख ह्याच प्रसंगाला अनुलक्षून आहे असे पुष्कळ टीकाकार मानतात. अपमानाचा तो राग त्याने नंतर यरुशलेमावर काढला, आणि मंदिर भ्रष्ट केले. बलवानाने मध्यमाला वाळूत उभे केले की मध्यम जाऊन दुर्बळाच्या अंगणात आपला राग ओततो; खेड्यापाड्यांतही असेच घडते.

कार्थेजाची गोष्ट ह्याहून वाईट. इ.स.पू. १४९ मध्ये त्या शहराने शरण येऊन तह मागितला. रोमी म्हणाले, तुमच्या थोर कुळांतील ३०० मुले ओलीस द्या. त्यांनी दिली. मग म्हणाले, शस्त्रे द्या. त्यांनी सारी शस्त्रे गाड्यांवर घालून दिली. मुले गेली, शस्त्रे गेली, तेव्हा तिसरे कलम सांगितले : आता शहर सोडून समुद्रापासून सुमारे पंधरा किलोमीटर आत जाऊन राहा, हे शहर आम्ही पाडणार. समुद्रावर जगणाऱ्या लोकांना ही मरणाचीच आज्ञा होती. ते लढले, आणि इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जळून राख झाले.

त्याच वर्षी करिंथही जळाले, आणि त्याचे एक कारण वकील. आदल्या वर्षी रोमचे वकील करिंथास आले होते. ग्रीक नगरांचा जो संघ होता त्यातून काही नगरे मोकळी करावी, अशी आज्ञा त्यांनी आणली. लोक खवळले, वकिलांना धमकाविले. पुढे आलेल्या वकिलांचीही सभेत हुर्यो झाली. रोमी वकील घराजवळून जात असता काहींनी त्यांच्यावर वरून घाण ओतली, असे स्त्राबो नावाचा प्राचीन भूगोलकार लिहितो. रोमच्या दृष्टीने वकिलाचे शरीर पवित्र होते. त्याला लागलेली घाण रोमला लागली. लूसियस मुम्मियस सेनापती आला. पुरुष कापले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली, शहर लुटून जाळले. सुमारे शंभर वर्षे तेथे नगर म्हणण्यासारखे काही उरले नव्हते. इ.स.पू. ४४ मध्ये युलियस कैसराने आपले लोक पाठवून ते पुन्हा वसविले, आणि त्याच नव्या करिंथात सुमारे इ.स. ५० मध्ये पौल तंबूचे कापड शिवीत बसला. त्या शहरातील प्रत्येक जाणत्या मनुष्याला माहीत होते की, वकिलाचा अपमान केल्यावर काय होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्या देवगाव फाट्यावर जालना, जिंतूर आणि सेलू इकडील वाटा एकत्र येतात. परभणीचा हा मुलूख १७२४ पासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या सत्तेखाली होता. गोदावरीच्या ह्या खोऱ्यातून मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजा कितीदा गेल्या ह्याची मोजदाद करणे कठीण. १७२८ मध्ये पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले, आणि मुंगी-शेवगाव येथे तह झाला. १७६३ मध्ये राक्षसभुवनास गोदावरीच्या काठी लढाई झाली. ह्या साऱ्यांत आपल्या वचनाशी जवळचा असा प्रसंग १७९५ चा, खर्ड्याचा.

मराठ्यांचे म्हणणे असे की चौथाई व सरदेशमुखीची बाकी निजामाकडे पुष्कळ वर्षे तुंबली आहे. पुण्याचे वकील गोविंदराव काळे व गोविंदराव पिंगळे हा हिशेब हैदराबाद दरबारी मांडीत होते. निजाम अलीचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ह्याने भर दरबारात उत्तर दिले की, हिशेब समजावून देण्यास नाना फडणविसांनी स्वतः यावे. नाना कसे येणार, असे वकिलाने म्हणताच, त्यांना कसे आणावयाचे ते आम्ही दाखवू, अशा अर्थाचे शब्द दिवाण बोलला. ग्रँट डफ ह्या इतिहासकाराने हा प्रसंग नोंदविला आहे. वाद पैशाचा होता. पण त्या शब्दांनी तो मानाचा झाला. पैशाची बाकी भरून देता येते. मानाची बाकी भरून देण्यास मनुष्याला मानच गमवावा लागतो, आणि तो सहसा कोणी गमवीत नाही.

पुण्याहून पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे निघाले. पेशव्याच्या झेंड्याखाली मराठ्यांचे सारे मोठे सरदार एकत्र आले ते हे शेवटचे. इंग्रजांनी निजामाला मदत दिली नाही. त्यांचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. ११ मार्च १७९५ रोजी, हल्लीच्या जामखेड तालुक्यातील खर्डा ह्या गावाजवळ गाठ पडली. प्रत्यक्ष लढाई थोडी झाली. रात्री निजामाच्या गोटात घबराट उडाली, आणि तो खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात जाऊन बसला. वेढ्यात पाणी व दाणा मिळेना. काही दिवसांतच त्याने मराठ्यांची कलमे मान्य केली : परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, बाकी व खर्च मिळून तीन कोटी रुपये, आणि ज्याने वकिलाचा अपमान केला तो दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन. नानांना आणून दाखवू म्हणणारा स्वतःच पुण्यास कैदी होऊन आला.

न्याय झाला, असे त्या वेळी पुण्यात प्रत्येकाला वाटले असेल. परंतु पुढे काय झाले ते पाहा. सात महिन्यांनी, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, सवाई माधवराव पेशवा मरण पावला. गादीसाठी कारस्थाने सुरू झाली. जो तो दुसऱ्याविरुद्ध मदत शोधू लागला, आणि त्या धांदलीत नानांनीच निजामाची मदत मिळविण्यासाठी त्या कैद्याला मोकळे केले आणि खर्ड्याला मिळविलेले बहुतेक सोडून देण्याचे कबूल केले. मुशीर-उल-मुल्क हैदराबादेस परत जाऊन पुन्हा दिवाण झाला. पुण्याच्या घरातील फूट त्याने आत बसून पाहिली होती. १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याच्याच दिवाणगिरीत निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. वकिलाच्या अपमानाचा सूड घेतला, पण शांती झाली नाही. आणि चार वर्षांच्या आत एका पक्षाने तिसऱ्याला घरात घेतले. चौथाईची बाकी कोणाच्या पदरची होती हा प्रश्न तर दोन्ही दरबारांनी कधी विचारलाच नाही. ती गोदेकाठच्या कुणब्याच्या खळ्यातली होती.

हा तिसरा घरात येतो कसा, ह्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण यहूद्यांच्या आणि आपल्या इतिहासात तो एकाच दाराने आला. इ.स.पू. ६३ मध्ये हिरकान व अरिस्तबूल हे दोघे सख्खे भाऊ यहूदाच्या गादीसाठी भांडत होते. दोघांचेही वकील दिमिष्कास रोमी सेनापती पाँपी ह्याच्याकडे भेटी घेऊन गेले : आमचा न्याय करा. पाँपीने न्याय केला तो असा की, सैन्य घेऊन यरुशलेम घेतले, परमपवित्रस्थानात पाऊल घातले, आणि देश रोमच्या पायाखाली गेला. आपल्या प्रभूच्या जन्माच्या वेळी नावनिशी लिहिण्याची आज्ञा रोमहून का निघत होती, ह्याचे मूळ ह्या दोघा भावांच्या भांडणात आहे. तसेच २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशवा दुसरा बाजीराव व शिंदे ह्यांच्या फौजांचा मोड केला; बाजीराव पळून इंग्रजांकडे गेला, आणि ३१ डिसेंबरला वसईस तह करून त्यांची फौज घेऊन परत आला. गादी मिळाली, राज्य गेले. पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात असई येथे शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. त्यानंतर १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगाव येथे तह केला. ते देवगाव वऱ्हाडातले, आमचा फाटा नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे गैरसमज होतो म्हणून सांगितले. १८०३–०४ मध्ये दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि फौजांच्या वाटेवरची गावे ओस झाली.

बंधूंनो, विहीर आईबापांची, भाऊ दोन. पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागतो. थोरला एका पुढाऱ्याकडे जातो, धाकटा दुसऱ्याकडे; एक सावकाराकडून कागद करतो, दुसरा तालुक्याला तारखा घालतो. पाच-सात वर्षांनी पाहावे तो विहिरीवर तिसऱ्याचेच इंजिन चालू असते. पौलाने पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात करिंथकरांना ह्याच गोष्टीविषयी लाज वाटावी म्हणून लिहिले : तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? आपल्या किती मंडळ्यांत आज असे दोन भाऊ आहेत की जे प्रभुभोजनाला एकाच वेळी येत नाहीत, ते पाळकांनी आपल्या मनात मोजावे.

आता देवाच्या वकिलीकडे या. प्रभूला राजकारणाची ही भाषा अपरिचित नव्हती. लूकाच्या चौदाव्या अध्यायात त्याने सांगितले की, दहा हजारांनिशी जाणारा राजा वीस हजारांनिशी येणाऱ्याचा विचार करतो, आणि तो दूर आहे तोच वकील पाठवून तहाचे विचारतो. एकोणिसाव्या अध्यायात, राज्य मिळवावयास दूर देशी गेलेल्या उमरावामागून त्याच्या नगरच्या लोकांनी वकील पाठविले की हा आमच्यावर राजा नको, इ.स.पू. ४ मध्ये हेरोदाचा पुत्र अर्खेलाव रोमला गेला तेव्हा यहूद्यांनी खरोखर असेच वकील पाठविले होते, आणि ऐकणाऱ्यांना ती गोष्ट आठवली असेल. जगाच्या ह्या साऱ्या व्यवहारात एक नियम सारखा दिसतो. जो दुर्बळ तो तहासाठी पहिल्याने वकील पाठवितो. जो बलवान तो पाठवितो तेव्हा हुकूम पाठवितो. आणि जो हरला तो ओलीस देतो.

पौल काय सांगतो ते ह्या नियमाशी ताडून पाहा. भांडण देवाने सुरू केले नाही. बाकी आपल्याकडे आहे. बळ त्याच्याकडे आहे. दहा हजारांनिशी उभे असलेले आपण. वकील आपण पाठवावयाचा होता. तो त्यानेच पाठविला. आणि वकील येऊन काय करतो? वाळूत वर्तुळ काढीत नाही. विनवितो. पौलाने तेथे योजलेला शब्द मागणाऱ्याचा आहे. बलवान धन्याचा वकील दुर्बळ अपराध्याच्या दारी उभा राहून समेट करा म्हणून हात जोडतो, असा दाखला ना रोमच्या दप्तरात सापडेल, ना पुण्याच्या, ना हैदराबादच्या.

ओलिसाचेही असेच उलटे आहे. कार्थेजाने ३०० मुले दिली, कारण ते हरले होते. मुशीर-उल-मुल्काला निजामाने दिले, कारण तो हरला होता. येथे ज्याची बाजू खरी आणि ज्याचे बळ मोठे त्याने आपला एकुलता पुत्र शत्रूच्या हाती दिला. आणि आपण त्या ओलिसाला जिवंतही ठेवले नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याने पाठविलेल्या चाकरांना एकामागून एक मारले, हाकून दिले, आणि शेवटी पुत्राला मळ्याबाहेर टाकले. हा वकिलांचाच अपमान आहे. आता मुम्मियसाची फौज यावी, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रभूनेही त्या दाखल्यात धन्याच्या न्यायाचा दिवस सांगितला आहे. तो कोणी पुसून टाकू नये. परंतु त्या दिवसाच्या आधी, पुत्राला मारल्यानंतरही, देवाने पुन्हा वकील पाठविले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र ज्या लोकांपुढे उभा राहिला, त्यांनीच त्याला वधस्तंभी दिले असे तो त्यांना तोंडावर सांगतो, आणि त्याच श्वासात क्षमा देऊ करतो. करिंथकर हे ऐकत होते. त्यांच्या पायाखाली त्या जुन्या जळलेल्या शहराची राख होती. देव जगाचे अपराध त्यांच्या हिशेबी मोजीत नाही, हे वाक्य त्या राखेवर उभे राहून ऐकणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करा.

आता वकिलाविषयी. ही वकिली आपल्याला सोपविली आहे असे पौल म्हणतो. पाळकांना सोपविली एवढाच त्याचा अर्थ घेऊ नये. पण आरंभ पाळकांपासून करू. वकिलाने धन्याच्या शब्दात आपली भर घालावयाची नसते. आपल्यातील काही उपदेशकांच्या हातात पोपिलियसाची काठी असते. घरात गेले की पहिल्या वाक्यातच वर्तुळ : मंडळीत येता की नाही, वर्गणी देता की नाही, आत्ताच सांगा. माणूस होय म्हणतो. पण तो अंतियोखासारखा मनात राग धरून निघून जातो, आणि तो राग घरच्या बायकोवर नाहीतर शेजाऱ्यावर निघतो. दुसऱ्या काहींची तऱ्हा त्या शहरातल्या भाल्याची. उपासना होते, घंटा वाजते, विधी यथासांग होतो. परंतु ज्याच्या घरी जावयाचे त्याच्या घरी कोणी जात नाही. वेदीपाशी उभे राहून घरच्या घरी फेकलेला भाला आणि वेदीपाशी उभे राहून घरच्या घरी केलेला समेट, दोन्ही सारखेच पोकळ.

खरा वकील प्रवास करतो. नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण कुळात जन्मलेला, इंग्रजी विद्येत वाढलेला तो मनुष्य निजामाच्या मुलखात जालन्यास आला, गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या वस्तीत गेला, आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. त्याच्या हाती ना फौज होती, ना राज्याचा हुकूम. आणि पौल? इफिसकरांच्या पत्राच्या शेवटी तो आपल्याला बेडीत असलेला वकील म्हणवितो. वकिलाचे शरीर पवित्र मानणाऱ्या रोमने देवाच्या वकिलाला साखळी घातली, आणि हा वकील तक्रार करीत नाही. धैर्याने बोलता यावे म्हणून प्रार्थना करा, एवढेच मागतो. त्याच बेडीतून त्याने फिलेमोनाला पत्र लिहिले. अनेसिम पळालेला दास, फिलेमोन धनी. पौल मध्ये पडला आणि लिहिले की, ह्याच्याकडे तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड. तिसरा मनुष्य दोघांच्या भांडणात असाही येऊ शकतो. पाँपी येतो तो विहीर घेण्यास येतो. पौल येतो तो बाकी आपल्या नावे मांडून घेण्यास येतो. मंडळीच्या पंचांनी आणि वडिलांनी आपण कोणत्या रीतीने जातो ते तपासावे.

आणि ज्यांचा अपमान झाला आहे अशा बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. तुम्ही म्हणता, चूक त्याची, त्याने यावे. जगाच्या रीतीने हे बरोबर आहे. नानांनीही तेच म्हटले असते. परंतु मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जाण्यास सांगतो, ते ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. आणि अठराव्या अध्यायात जाण्यास सांगतो ते ज्याचा अपराध झाला आहे त्याला. एका अध्यायात अपराध्याला, दुसऱ्यात दुखावलेल्याला. तेव्हा दोघेही एकाच वेळी घराबाहेर पडले, तर बांधावर कोठे तरी गाठ पडावयाची. शिव्या खाव्या लागतील, कदाचित अंगावर घाणही पडेल. वकिलाच्या कामात ती धरलेलीच आहे.

स्वतः पौलालाही करिंथकरांच्या बाबतीत हे करावे लागले. त्या मंडळीने त्याला दुःख दिले होते. त्याच्या प्रेषितपणावर शंका घेतली होती. कोणा एकाने तर तोंडावर अपमान केला असावा असे दुसऱ्या पत्रावरून दिसते. पौलाने अश्रू गाळीत एक पत्र लिहिले, आणि आपला सोबती तीत ह्याला वकील करून करिंथास पाठविले. मग तो त्रोवसास येऊन थांबला. तेथे सुवार्तेसाठी दार उघडले होते, तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. तीत भेटला नाही म्हणून तो मासेदोनियात गेला. तेथेही बाहेर भांडणे, आत भीती. दोनशे वर्षांमागे ज्या गावाने वकिलांवर घाण ओतली होती त्या गावात आपला माणूस गेला आहे, आणि तो कसा परत येईल हे कळत नव्हते. सातव्या अध्यायात त्याने लिहिले आहे की तीत आला, आणि त्याच्या मनाला विसावा मिळालेला होता. करिंथकरांनी त्याला भीत व कापत स्वीकारले होते.